नानांचा गावठी टार्ट

नानांनी काढलेलं चित्र बारकीला दोन दिवस कळलंच नाही.

चित्र तसं साधंच होतं. एक वेडावाकडा गोल, त्याच्या कडा आत वळलेल्या आणि मधे सात-आठ ठिपके. नानांनी ते डाव्या हाताने काढलं होतं, कारण हिवाळ्यात आलेल्या झटक्यापासून उजवा हात मांडीवर नुसता पडून असायचा. बारकीने विचारलं, सूर्य आहे का? नानांनी मान हलवली. विहीर? नाही. सायकलचं चाक? शर्टाचं बटण? बटण म्हटल्यावर नानांनी पेन्सिल भिंतीवर फेकून मारली आणि तोंड फिरवून बसले.

बारकी ही नानांची धाकटी लेक. वय एक्केचाळीस, नाकावर जाड चष्मा, चष्म्याच्याच दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचं काम, आणि तरी घरात तिला कुणी बारकी सोडून दुसऱ्या नावाने हाक मारत नसे. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. थोरला दादा दुसऱ्या शहरात. घरात ती आणि नाना, दोघंच. नाना अडतीस वर्षं एका बेकरीत मुख्य कारागीर होते. पहाटे भट्टीपुढे उभं राहिलेला तो माणूस आता दिवसभर खुर्चीत बसून असायचा. झटक्याने उजवा हात नेला तो नेलाच, वर शब्दही नेले. डोक्यात सगळं होतं, पण तोंडापर्यंत येता येता वाटेत कुठेतरी सांडायचं आणि भलताच एखादा शब्द बाहेर पडायचा. तोही दिवसाचा एकच. एके दिवशी दिवसभर 'मंगळवार' चालला होता. चहा हवा असला तरी मंगळवार, पंखा बंद करायचा असला तरी मंगळवार. दुसऱ्या दिवशी 'बादली'. हसावं की रडावं तेच बारकीला कळत नसे.

बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या. त्यांनी बारकीला एकच गोष्ट बजावून सांगितली होती, की त्यांच्या तोंडातलं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा, त्यांना वेळ द्या. बारकी मान डोलवायची आणि बाई जिना उतरल्या की पुन्हा सुरू करायची. पाणी हवंय? उशी हवीय? पाय दुखतोय? एका प्रश्नानंतर दुसरा, मधे श्वासही घेऊ देत नसे. सकाळी साडेनऊला दुकान गाठायचं असलेल्या माणसाला थांबणं परवडत नाही, असं तिचं म्हणणं.

शब्दांचं एक वेळ ठीक, पण नानांनी जेवणच टाकलं होतं. चार महिन्यांत अकरा किलो उतरले. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की आणखी दोन किलो गेले तर नाकातून नळी घालावी लागेल. त्याच संध्याकाळी बारकीने नानांपुढे वही-पेन्सिल ठेवली आणि विचारलं, "नाना, तुम्हाला काय हवंय, सांगा मला. काय वाटेल ते." नानांनी बराच वेळ कागदाकडे बघितलं आणि तो गोल काढला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात, काउंटरवरच्या बाईंनी रुमालात बांधून प्लम आणले होते. टेबलावर ठेवून त्यांनी रुमालाची गाठ सोडली, तशा कडा अर्धवट आत दुमडलेल्या राहिल्या आणि मधे लालजांभळ्या फळांचा ढीग. बारकी हातातला घास तसाच ठेवून उभी राहिली. इतकी साधी गोष्ट, आणि आपण विहिरीत आणि चाकात शोधत बसलो.

तो टार्ट होता. दर उन्हाळ्यात प्लम आणि पीच पिकले की नाना घरी करायचे तो. बेकरीत ते साच्यातले, सारख्या काठांचे, फळांच्या चकत्या ओळीने लावलेले टार्ट करत. त्यांना ते 'साहेब लोक' म्हणायचे. घरचा मात्र गावठी. त्याला साचा नाही, माप नाही. पिठाची पारी लाटायची, मधे फळं ओतायची, कडा उचलून फळांवर दुमडायच्या आणि ओव्हनमध्ये सरकवायचा. फाटला तर फाटला, रस गळला तर गळला. पण तो करताना नाना स्वयंपाकघरात कुणाला पाऊल टाकू देत नसत. कृती कुठे लिहिलेली नव्हती. आईलाही ठाऊक नव्हती.

बारकीने शनिवारची सुट्टी टाकली.

सकाळीच तिने मैदा, बटर, प्लम, पीच, लिंबू असं सगळं आणलं, फोनवर तीन व्हिडिओ बघितले आणि त्यातली मापं कागदावर उतरवून फ्रीजला चिकटवली. मापावर तिचा भारी विश्वास. दुकानात पाव नंबर इकडचा तिकडे झाला की गिऱ्हाईक चक्कर येते म्हणून परत येतं, त्यामुळे ग्रॅम म्हणजे ग्रॅम. नानांची खुर्ची तिने स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, त्यांना ओटा दिसेल अशी लावून दिली. त्यांनी सामानाकडे बघितलं आणि कितीतरी आठवड्यांनी ते खुर्चीत पुढे सरकून बसले. बारकीचा जीव सुपाएवढा झाला.

तेवढ्यात दादाचा फोन आला. बेत ऐकून तो म्हणाला, अगं, विकत मिळतो की, एवढं कशाला उरावर घेतेस? बारकी म्हणाली, त्यांना घरचा हवाय. त्यावर दादाने विचारलं, तसं ते म्हणाले का? दादाची ही जुनी खोड. चार वाक्यांत तीन निरुपयोगी आणि एक नेमकं वर्मी लागणारं. बारकीने हात पिठात आहेत असं सांगून फोन ठेवला. हात अजून कोरडेच होते.

स्वयंपाकघराची खिडकी उन्हाच्या बाजूला. अकरालाच ओटा तापला होता. पंखा लावला की मैदा उडायचा, बंद केला की बटर पाघळायचं. व्हिडिओतली मुलगी बोटांच्या टोकांनी बटर मैद्यात चुरत होती आणि तिच्या भांड्यात वाटाण्याएवढे सुबक गोळे होत होते. बारकीच्या भांड्यात दोन मिनिटांत मलम तयार झालं.

"दार," नाना म्हणाले.

त्या दिवशीचा शब्द दार होता. बारकीने स्वयंपाकघराचं दार लावलं. नानांनी मान हलवली. तिने ते उघडलं, गॅलरीचं लावलं. दार, नाना पुन्हा म्हणाले, या वेळी जरा जोरात. मग ओव्हनचं दार, कपाटाचं दार, फ्रीजचं दार, असं घरातलं एकेक दार तिने उघडून मिटून दाखवलं. मीठ राहिलं का? पाणी जास्त झालं का? साखर? नाना डोळे मिटून घ्यायचे, श्वास सोडायचे आणि डोळे उघडून पुन्हा म्हणायचे, दार. मधे मधे ते काठी जमिनीवर आपटत. खालच्या मजल्यावरच्यांना काय वाटत असेल, हा विचार बारकीच्या डोक्यात आला आणि तिने तो झटकून टाकला.

मलमात आणखी मैदा घालून तिने गोळा केला, लाटला. तो ओट्याला चिकटला. सुरीने खरवडून काढला तर तीन ठिकाणी फाटला. तिने ठिगळं लावली, फळं ओतली, कडा कशाबशा वर ओढल्या आणि तो सगळा कारभार ओव्हनमध्ये लोटला. वीस मिनिटांनी एका ठिगळातून रस फुटला आणि ओव्हनच्या तळाशी जाऊन जळायला लागला. घरभर धूर. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई दार वाजवून विचारून गेल्या की सगळं ठीक आहे ना. बारकीने हसून सांगितलं, ठीक आहे, टार्ट करतेय. जाताना बाईंनी दोनदा मागे वळून बघितलं.

टार्ट बाहेर काढला तेव्हा वरून काळा आणि खालून कच्चा होता. तरी तिने त्यातल्या त्यात बरा तुकडा कापून नानांपुढे धरला. नानांनी डाव्या हातातल्या काट्याने तो उलटा केला, त्याचं बूड बघितलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. बस, एवढंच. अडतीस वर्षं हाताखालच्या लोकांचं काम ते याच पद्धतीने बघत आले होते.

"पहिलाच आहे हो," बारकी म्हणाली. "दुसरा बघा आता."

दुसऱ्याच्या वेळी तिने ठरवलं की गोळा फाटता कामा नये. म्हणून तिने तो मळला. दोन्ही हातांनी, अंगातला जोर लावून, घाम टिपत, दहा मिनिटं मळला. गोळा असा गुळगुळीत झाला की तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. इकडे नानांची काठी थांबायचं नाव घेईना. दार, ठक. दार, ठक. दार, दार, ठक. तिने त्यांच्याकडे पाठ केली आणि लाटायला घेतलं. लाटणं पुढे गेलं की पारी पसरायची, उचललं की रबरासारखी सुर्रकन मागे यायची. पुढे, मागे. पुढे, मागे. ताटलीएवढा व्हायला हवा तो गोल काही केल्या बशीच्या वर जाईना. मागून ठक, ठक, ठक. तिच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यावर आला, पिठाच्या हाताने पुसायला गेली तर काचेवर लगदा झाला, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"बोलायला जमत नसेल तर गप्प तरी बसा ना, नाना," ती म्हणाली.

काठीचा आवाज थांबला.

बारकी तशीच उभी राहिली. तिने वळून बघितलं तेव्हा नानांनी काठी खुर्चीच्या हाताला नीट टेकवून ठेवली होती आणि ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. रागावून नाही. दवाखान्यात आपला नंबर यायची वाट बघणारा माणूस बसतो, तसे. तिला वाटलं, जीभ हासडून टाकावी. ज्या माणसाला दिवसाला एक शब्द मिळतो आणि तोही चुकीचा, त्याला आपण गप्प बसायला सांगितलं. माफी मागायला तिने तोंड उघडलं, पण ते तसंच मिटून ती बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

ती तोंड पुसत बाहेर येते तो दाराची घंटा वाजली. दारात पोचवणारा माणूस, त्याच्या हातात पांढरा खोका, वर निळी फीत. दादाने पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी, 'उगाच दमू नकोस.' खोक्यात टार्ट होता. साहेब लोकांतला. काठ इंचाइंचाला सारखे, पीचच्या चकत्या घड्याळाच्या काट्यासारख्या फिरत गेलेल्या, वर चकाकी अशी की त्यात तोंड बघून घ्यावं.

बारकीच्या मनात आलं की खोका तसाच मिटून कपाटावर टाकावा. पण डॉक्टरांची नळी आठवली आणि तिने एक तुकडा ताटलीत काढून नानांच्या मांडीवरच्या ट्रेमध्ये ठेवला. हा तर ते शिवणारही नाहीत, असं तिला आतून वाटत होतं. खरं सांगायचं तर त्यांनी शिवू नये असंच वाटत होतं.

नानांनी तुकडा उलटा केला. बूड बघितलं. एका कारागिराने दुसऱ्याला ओळख द्यावी तशी बारीकशी मान डोलावली आणि खायला लागले. हळूहळू, नीट चावून, सगळा तुकडा खाल्ला. मग ताटली पुढे केली. तिने दुसरा वाढला, त्यातलाही अर्धा खाल्ला. चार महिन्यांत ते एका बैठकीला इतकं जेवले नव्हते. बारकीने आनंदाने नाचायला हवं होतं. तिला आनंद झालाही, पण त्या आनंदाच्या खाली जो संताप उकळत होता त्याला तोड नव्हती. सकाळपासून ती मरमर मरत होती, बोटं भाजली होती, शेजाऱ्यांत शोभा झाली होती, तोंडातून नको ते निघून गेलं होतं, आणि दादाने तिकडे गादीवर लोळत फोनवर बोट दाबलं तर नाना मिटक्या मारतात.

"आवडला ना?" ती शक्य तितक्या सरळ आवाजात म्हणाली. "मग झालं तर. मी आवरते."

नानांनी रुमालाने तोंड पुसलं, ट्रे बाजूला सारला आणि स्वयंपाकघराकडे बोट केलं.

आणखी हवाय का, असं विचारायला बारकीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिला आता काही ओळखून दाखवायची ताकदच उरली नव्हती. ती समोरच्या स्टुलावर मटकन बसली आणि काही न बोलता त्यांच्याकडे बघत राहिली. नानांनी टेबलावरची वही ओढली, तोच कागद काढला, गोलावर बोट ठेवलं. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं. तिने मान हलवली नाही, काही सुचवलं नाही. नानांचे ओठ हलले, बंद झाले, पुन्हा हलले. मानेची शीर ताठ झाली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. तिला मधेच उठून पळून जावंसं वाटलं, इतकं ते बघवत नव्हतं.

"मी," नाना म्हणाले.

आणि डाव्या हाताची बोटं उघडून मिटून दाखवली.

बारकीला मग सगळं एकदम लख्ख दिसलं. तिने विचारलं होतं, काय हवंय. खायला काय हवंय, असं नव्हतं विचारलं. 'खायला' हा शब्द तिने आपल्या मनाने त्यात घातला होता आणि त्याच्यामागे दोन दिवस आणि एक रजा घालवली होती. त्यांना टार्ट खायचा नव्हता. करायचा होता.

तिने त्यांना धरून स्वयंपाकघरात आणलं, टेबलाशी बसवलं, गळ्यात एप्रन अडकवला. नानांनी पहिलं काम काय केलं असेल, तर तो गुळगुळीत गोळा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला. बारकीने डोळे मिटून घेतले. मग वजनकाटा कोपराने टेबलाच्या पार टोकाला सारला. मैदा मुठीने मोजून घेतला, चार मुठी आणि थोडा. बटरकडे त्यांनी नुसतं बघितलं आणि तोंड वाकडं केलं. बोट फ्रीजच्या वरच्या कप्प्याकडे. तिने बर्फाच्या शेजारी पडलेली दुसरी वडी दाखवली, दगडासारखी टणक. त्यांनी होकार दिला आणि हाताने किसल्याची खूण केली. किसणी धरायला दुसरा हात नव्हता, म्हणून ती तिने धरायची, एवढीच तिला परवानगी मिळाली.

"मघाशी फ्रीजचं दार म्हणत होतात का?" तिने न राहवून विचारलं.

नानांनी तिच्याकडे असं बघितलं की वेड लागलंय का हिला. दार म्हणजे काहीच नव्हतं. तो त्या दिवशी तोंडात आलेला शब्द होता, बस.

मग सुरू झाली खरी परीक्षा. डावा हात सत्तर वर्षं नुसता मदतनीस होता, त्याला स्वतःहून काही करायची सवय नव्हती. भांडं फिरायला लागलं. बारकीने त्याच्याखाली ओला फडका सरकवला, तो नानांनी ठेवू दिला. मैदा टेबलावर सांडला, मांडीवर सांडला, जमिनीवर सांडला. बर्फाचं पाणी ओतताना वाटी कलंडली. किसलेलं बटर वितळायच्या आत काम उरकायला हवं, हे एव्हाना तिलाही कळत होतं, आणि नानांची बोटं अशी चालली होती की जणू पुढचा सगळा उन्हाळा मोकळा आहे. तिने दोनदा हात पुढे केला. पहिल्यांदा त्यांनी तो कोपराने ढकलला. दुसऱ्यांदा लाटण्याने बोटांच्या पेरांवर एक हलकासा फटका दिला. लहानपणी बेकरीत भट्टीच्या जवळ गेल्यावर मिळायचा तसाच. शेवटी ती आपलेच दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

गोळा तासभर फ्रीजमध्ये ठेवायचा होता, ते त्यांनी एक बोट आणि घड्याळ दाखवून सांगितलं. त्या तासात दोघं समोरासमोर बसून राहिली. बारकीला माफी मागायची होती. तिने म्हटलं, "मघाशी मी जे बोलले ते..." नानांनी हात हवेत झटकला, माशी हाकलावी तसा. त्यांच्या मते तो विषय संपला होता. तिच्या मते नव्हता, पण एकट्याने विषय चालू ठेवता येत नाही.

लाटताना पारी गोल झाली नाही. एकीकडे फुगली, एकीकडे चेपली. नानांनी ती चालवून घेतली. फळं घालायच्या आधी मात्र ते थांबले आणि कशासाठी तरी इकडे तिकडे बघायला लागले. बारकी उठली, एकेक डबा काढून समोर धरला. साखर, मीठ, रवा, दालचिनी. रव्यावर ते क्षणभर रेंगाळले, पण नाही. तिच्या ओठांवर पुढचे दहा प्रश्न तयार होते. ते तिने गिळले. नानांनी टेबलाच्या कडेला पडलेला, सकाळच्या चहाबरोबरचा टोस्टचा पुडा ओढला, दोन टोस्ट मुठीत घेऊन चुरले आणि तो चुरा पारीवर भुरभुरला. फळांचा रस शोषून घ्यायला. बारकीचा पहिला टार्ट फुटला तो याच्याविना. तीन व्हिडिओंत कुणी हे सांगितलं नव्हतं.

सगळ्यात वाईट वेळ आली ती कडा दुमडताना. एक कड उचलायची, फळांवर आणायची, तिच्यावर पुढची घडी घालायची. दोन हातांच्या माणसाला मिनिटाचं काम. नाना एक कड उचलून बसवायचे, पुढची उचलायला जावं तर पहिली उलगडून खाली पडायची. पुन्हा पहिली. पुन्हा खाली. पाचव्यांदा पडली तेव्हा त्यांच्या घशातून एक आवाज आला, त्याला शब्द म्हणता येणार नाही, आणि त्यांनी मूठ वळून फळांच्या ढिगावर मारली. प्लमचा रस बारकीच्या चष्म्यापर्यंत उडाला.

ती हलली नाही. चष्माही पुसला नाही. तिला एवढंच दिसत होतं की सकाळपासून जो राग तिच्या अंगात होता तोच त्यांच्या अंगात आहे, फक्त तिचा सकाळपासूनचा आणि त्यांचा हिवाळ्यापासूनचा. तो राग आपण काढून घेऊ शकत नाही, हेही तिला दिसत होतं. ती बसून राहिली.

बऱ्याच वेळाने नानांनी मूठ उघडली. चिरडलेले प्लम बोटांनी सारखे केले. मग त्यांनी उजवा हात मनगटाला धरून मांडीवरून उचलला आणि टेबलावर, टार्टच्या कडेला ठेवला. पिठाची पिशवी ठेवावी तसा. त्याच्या वजनाने पहिली घडी जागची हलेना. डाव्या हाताने त्यांनी दुसरी घातली, उजवा हात ओढून तिच्यावर ठेवला, मग तिसरी. प्रत्येक घडीला हात उचलायचा, सरकवायचा, ठेवायचा. अकरा घड्या झाल्या. बारकीने घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. पाऊण तास लागला होता.

ओव्हनमधून काढला तेव्हा संध्याकाळचं ऊन भिंतीवर चढलं होतं. टार्ट बाहेर आला तो पाव भाग जाड आणि पाव भाग पातळ. एका बाजूने रस निसटून कडेला चिकटून काळा झाला होता आणि जिथे मूठ बसली होती तिथे खड्डा. पण बूड कोरडं आणि खरपूस. नानांनी उलथन्याने उचलून तो बघितला, नखाने वाजवला. तुकडा तोडून तोंडात टाकला, चावला. बारकी त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," नाना म्हणाले.

हा शब्द बरोबर जागी पडला होता. त्यात काही शंका नव्हती.

"अहो, चांगला झालाय," बारकी तोंडात मोठा तुकडा कोंबून म्हणाली, आणि तो खरोखरच चांगला झाला होता, निदान फळं तरी. नानांनी तिकडे लक्षही दिलं नाही. टेबलावर पुढे वाकून त्यांनी मैद्याचा डबा ओढला, आत बघितलं आणि रिकामा डबा तिच्यापुढे सरकवला.

तिने सांगितलं की आज पुरे, माझी कंबर गेलीय, ओटा बघा, जमीन बघा, उद्या बघू. नानांनी डबा आणखी एक वीत पुढे सरकवला. तिने सांगितलं की सोमवारी मला दुकान आहे. डबा तिच्या कोपराला लागला. असला हट्टी म्हातारा आपल्याच नशिबी का, असं ती मनात म्हणाली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

दादा होता. त्याने विचारलं, खाल्ला का नानांनी? बारकीने खरं काय ते सांगितलं, की दीड तुकडा खाल्ला आणि आवडीने खाल्ला. दादाला इतका आनंद झाला की त्याचा आवाज जरासा कापला, आणि तो कापलेला ऐकून बारकीचा त्याच्यावरचा निम्मा राग गेला. निम्मा राहिला. तो म्हणाला, बघ, मी सांगत नव्हतो? दर शनिवारी पाठवत जाऊ का?

"नको," बारकी म्हणाली. "मैदा पाठव. पाच किलो. आणि बटर."

"मैदा? कशाला?"

स्वयंपाकघरातून काहीतरी पडल्याचा मोठा आवाज आला, पाठोपाठ घरंगळत गेल्याचा. बहुतेक लाटणं.

"नंतर सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवून आत गेली.